सादरीकरण शिकवणार कोण?

संशोधक विद्यार्थ्यांच्या कंटाळवाण्या सादरीकरणांबद्दलचा आपल्या अंकातील लेख वाचला. सगळा दोष विद्यार्थ्यांवर टाकणे मात्र पटले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीनुसार पीएचडीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. ती कशी मांडावी, हे शिकवायला बहुतेक विभागांच्या वेळापत्रकात जागाच नसते. पहिल्या वेळी १५ मिनिटांसाठी मी ४० स्लाइड केल्या होत्या. निष्कर्ष सांगण्याआधीच वेळ संपली आणि 'वेळ पाळा' एवढाच शेरा मिळाला. काय गाळायचे, आलेख दाखवताना आधी अक्ष का समजावायचे, हे पुढे एका सीनियर ताईने शिकवले. रिकाम्या वर्गात मला चार वेळा बोलायला लावून. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८मध्ये सुरू केलेल्या स्पर्धेत अख्खा प्रबंध तीन मिनिटांत, एकाच स्लाइडच्या आधारे मांडतात. आपल्याकडेही प्रत्येक विभागाने आठवड्यातला एक तास अशा सरावासाठी राखावा. समोर एमएस्सीचे विद्यार्थी बसवावेत आणि पहिले प्रश्न त्यांनाच विचारू द्यावेत. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

– एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे