यंदाची बर्फाची सहल : गुलमर्ग नाही, औली

सर्व सदस्यांना नमस्कार,

यंदा स्कीइंगला आपण गुलमर्गऐवजी उत्तराखंडमधल्या औलीला जात आहोत. गुलमर्गचा गोंडोला (केबल कार) थेट अफरवट डोंगरावर, सुमारे ३,९८० मीटरवर नेतो, पण रांगा आणि गर्दीही तेवढीच. आपल्यातले बहुतेक जण पहिल्यांदाच पायात स्की बांधणार आहेत. त्यांना पडायला, उठायला मोकळी जागा हवी. औली लहान आहे, २,५०० ते ३,००० मीटरवर, आणि समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी! तिथल्या सकाळची शांतता मला दुसरीकडे कुठेच मिळाली नाही.

बैठक : येत्या रविवारी सकाळी ७ वाजता, फुटाळा तलावाच्या काठावर. पहिला हप्ता आणि आधार कार्डाची प्रत सोबत आणा.

- प्रवास दिल्ली, हरिद्वारमार्गे. ऋषिकेश ते जोशीमठ (औलीच्या पायथ्याचं गाव) सुमारे २५० किमी घाटरस्ता आहे, त्याला पूर्ण दिवस धरा.
- नागपूरच्या थंडीतला स्वेटर तिथे पुरणार नाही. वॉटरप्रूफ हातमोजे आणि गॉगल हवेतच, बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना फार त्रास देतं.
- दमा किंवा गुडघेदुखी असेल तर आधीच सांगा, कृपया लपवू नका.
- स्पीकर आणू नये.

बर्फ कमी पडला तर तारीख पुढे ढकलू.