यादीतली शेवटची ओळ

सोलापूर,
रविवार, रात्र

चि. गौरी हीस,
अनेक आशीर्वाद.

गेम खेळायच्या नव्या कॉम्प्युटरच्या भागांची तुझी यादी मिळाली. खाली लिहिलं होतंस, 'बाबा, नुसतं बघा, काही बोलू नका.' बोलत नाहीये, लिहितोय. फोनवर तिसऱ्या वाक्यालाच आपली जुंपली असती आणि आईने फोन ओढून घेऊन शेंगाचटणी किती पाठवू यावर विषय नेला असता.

दोन लाख ऐंशी हजार तुझे आहेत, तुझ्या बोनसचे. खेळायला एवढे कशाला, असं मी विचारणार नाही. दिवसभर जळक्या मोटरी उघडून झाल्यावर मीही रात्री क्रिकेटचे जुने सामने बघत बसतोच. पण यादी मात्र तीन रविवार वाचली. कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या विनूला दुकानात बसवून एकेका ओळीचा अर्थ विचारला. तो कंटाळला, मी नाही.

ग्राफिक्स कार्ड लिहिलंस आरटीएक्स ५०८०, आणि मॉनिटरपुढे 'दादाचा जुना'. हे वाचलं आणि मोहोळकडचं ते गिऱ्हाईक आठवलं. बोअरला पाणी जेमतेम इंचभर आणि बसवली साडेसात एचपीची मोटर. मोटर चांगलीच होती, पाणी नव्हतं. पंधरा मिनिटं ओढायची, मग कोरडी फिरायची आणि दर दोन महिन्यांनी माझ्या बाकावर यायची. दादाच्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ठिपके आहेत. २५६० बाय १४४० च्या पडद्यावर ३६ लाख ८६ हजार. फोर-केवर ८२ लाख ९४ हजार, म्हणजे दादाच्याच्या बरोब्बर चौपट. कार्डाचं काम काय, तर हे ठिपके सेकंदाला शंभर-दीडशे वेळा रंगवायचे. रंगवायला भिंतच लहान असेल तर एवढा मोठा रंगारी बोलवायचा कशाला? तेव्हा आधी पडदा ठरव. माझ्या मते सत्तावीस इंची, १४४० चा, १६५ किंवा १८० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा घे. टेबलाशी बसणाऱ्या माणसाला तो पुरतो. घेतल्यावर विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा स्वतः निवड. विनूचा १६५ चा मॉनिटर वर्षभर ६० वरच चालला आणि हा सगळ्यांना सांगत फिरला की फरक डोळ्यांना लगेच कळतो!

पडदा १४४० चा ठरला की कार्ड एक पायरी खाली येतं. ५०८० आणि ५०७० टीआय यांच्यात चिप एकच आहे, मेमरीही दोन्हीत १६ जीबी. फरक कोअरचा, म्हणजे आतल्या हिशेब करणाऱ्या छोट्या भागांचा: एकात १०,७५२, दुसऱ्यात ८,९६०. २०२५ साली बाजारात आली तेव्हा अमेरिकेतली जाहीर किंमत होती ९९९ आणि ७४९ डॉलर. म्हणजे कोअर पाचव्या हिश्शाने जास्त आणि पैसे एक तृतीयांशाने. शिवाय ३०० वॅटच्या जागी ३६०. एएमडी कंपनीचं रेडिऑन ९०७० एक्सटी हे कार्डही १६ जीबीचं आहे, स्वस्त मिळालं तर बघ. विनूचा त्याला विरोध आहे, पण विनूचा सगळ्यालाच विरोध असतो.

प्रोसेसरचं मला नवल वाटलं. तू रायझन ९ ९९५०एक्स३डी लिहिलंस, सोळा कोअरचा. आत आठ-आठचे दोन तुकडे आहेत आणि ज्या जास्तीच्या कॅशसाठी, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातल्या वेगवान मेमरीसाठी, लोक हा प्रोसेसर घेतात, ती एकाच तुकड्यावर बसवलेली. गेम बहुतेक वेळ त्याच तुकड्यावर चालतो, दुसरा बसून असतो. रायझन ७ ९८००एक्स३डीमध्ये आठच कोअर, पण आठांनाही ती कॅश. व्हिडिओ एडिटिंग करणार असशील तर गोष्ट वेगळी, तसं तू कधी बोलली नाहीस. जुना ७८००एक्स३डी बऱ्यापैकी कमी भावात मिळाला तर तोही चालेल. प्रोसेसर बसवायचं सॉकेट तेच, एएम५, पुढे प्रोसेसर बदलता येईल.

मदरबोर्ड चाळीस हजारांचा कशाला? बी६५० नाहीतर बी८५० चिपसेटचा बरा बोर्ड पुरे. रॅम ६४ जीबी लिहिलीस, ती ३२ कर. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की दुकानदारसुद्धा आज सांगितलेला दर उद्या धरत नाही. १६ च्या दोन पट्ट्या, डीडीआर५, ६००० च्या. चार पट्ट्या लावल्या की तोच वेग टिकवणं जड जातं. बोर्डाच्या बायोस सेटिंगमध्ये एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने पळवणारा पर्याय, चालू करायला विसरू नकोस, नाहीतर पैसे ६००० चे आणि पळणार ४८०० किंवा ५६०० वर. एसएसडी जेन ५ ची, म्हणजे पाचव्या पिढीची नको, जेन ४ घे. कागदावर वेग दुप्पट आहे, पण गेम उघडताना तुला चहाचा घोटसुद्धा जास्तीचा मिळणार नाही.

आता खोलीचं बोलू. तू संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा वरची खोली गार असेल आणि तुला ती आवडेल. पण घरून काम करत तू मेपर्यंत राहणार आहेस. तो पत्रा, दुपारी तीनची वेळ आणि आपलं त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं ऊन. प्रोसेसर गार ठेवणारा कूलर पाण्याचा असो नाहीतर हवेचा, खोलीतल्या हवेपेक्षा गार तो काहीच करू शकत नाही. पुण्याच्या एसीत पंचवीस अंशांवर जे मशीन सत्तर दाखवतं, तेच इथे नव्वदीजवळ जाणार. शिवाय खेळताना ते मशीन म्हणजे खोलीत लावलेला अर्धा किलोवॅटचा हिटर. म्हणून पाण्याचा तो तीन पंख्यांचा महागडा कूलर खोड. दोन मनोऱ्यांचा हवेचा कूलर त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात येतो, त्यात पाणी नाही की पंप नाही, पंखा गेला तर मी बदलीन. कॅबिनेट पुढून काचबंद निवडलंस, तेही नको. पुढे जाळी आणि जाळीच्या आत धुता येणारा फिल्टर असलेलं घे. आपल्या गल्लीत अजून चार यंत्रमाग चालतात, खिडकीच्या गजांवर कापसाचं तूस कसं बसतं ते तुला माहीत आहे. आणि वाळ्याच्या कूलरचा झोत मशीनवर सोडू नकोस, ओली हवा त्याला नको.

आता यादीतली शेवटची ओळ. 'पॉवर सप्लाय ६५० वॅट, कोणताही, साडेतीन हजारांपर्यंत.' कोणताही!

अकरावीत असताना तुला कॉम्प्युटर घेऊन दिला होता, आठवतो? जुळवणाऱ्याने दोन सप्लाय दाखवले होते. मी स्वस्तातला घेतला, चौदाशे रुपये वाचवले आणि वर बढाई मारली की मी विजेचा माणूस आहे, मला फसवणार कोण. नऊ महिन्यांनी रात्री खाट् आवाज झाला. सप्लाय गेलाच, जाताना बोर्ड आणि डिस्क घेऊन गेला. तुझं प्रोजेक्ट आणि आजीचे पंढरपूरचे फोटो त्या डिस्कवर होते. मी तुला म्हणालो, रात्र रात्र गेम खेळून जाळलास. तू 'बरं' म्हणालीस आणि नंतर पुष्कळ दिवस कुठल्याच गेमचं नाव काढलं नाहीस.

तो सप्लाय दुकानाच्या माळ्यावर होता. मागच्या बुधवारी खाली काढला आणि पहिल्यांदा उघडला. जळक्या वार्निशचा वास अजून आत होता. आधी तांबं तोलायच्या काट्यावर ठेवला: ६४० ग्रॅम. विनूचा ८५० वॅटचा सप्लाय त्याच काट्यावर दीड किलोच्या वर भरला. लेबलवर ४५० वॅट छापलंय, पण ट्रान्सफॉर्मर काडेपेटीपेक्षा जेमतेम मोठा. वीज जिथे आत येते तिथे तिच्यातला कचरा गाळणारी कॉइल असायला हवी. बोर्डावर तिची जागा आखलेली आहे, भोकंही पाडलेली आहेत, आणि कॉइलच्या जागी वायरचे दोन तुकडे टाचून दिलेत. एक वायर ब्लेडने खरवडली. वर तांब्याचा मुलामा, आत पांढरं ॲल्युमिनियम. माझ्या दुकानात कुणी असली वायर मोटरमध्ये भरली असती तर त्याला मी दुसऱ्या दिवशी दारात उभं केलं नसतं.

तुझ्या गेमने काही जळलं नव्हतं, गौरी. ते कधी ना कधी जळणारच होतं. एवढी वर्षं मी ते उघडून बघितलं नाही, कारण आत काय निघेल याचा मला अंदाज होता.

नव्या मशीनचं गणित असं. कार्ड ३०० वॅट, प्रोसेसर दीडशेच्या आसपास, बाकी सगळं मिळून पन्नास-शंभर. हे सरळ चालताना. पण मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते तसं कार्डही मधूनच झटका देऊन ओढतं. एटीएक्स ३.० च्या नियमात सप्लायने सेकंदाच्या दहाहजाराव्या भागापुरती दुप्पट ओढ सोसावी असं घातलंय, ते याचसाठी. म्हणून ८५० वॅटचा, एटीएक्स ३.१ चा, गोल्ड शिक्क्याचा. नुसत्या शिक्क्यावर मात्र भुलायचं नाही. तो वीज किती वाया जाते ते सांगतो, माल किती टिकेल ते नाही. वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस सेंटर सोलापुरात की पुण्यात, हे आधी विचारायचं. कार्डाचंही तेच. पक्कं बिल, बिलावर सीरियल नंबर.

कार्डाचा तो सोळा पिनांचा प्लग तूच लावणार, तर नीट ऐक. १२ व्होल्टवर ३०० वॅट म्हणजे २५ अँपिअर, आणि ते बोटाच्या पेराएवढ्या प्लगातून जाणार. २०२२ साली काही महागड्या कार्डांचे हे प्लग वितळले होते, त्यातले बरेच अर्धवट बसलेले निघाले. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या जळक्या मोटरींचं कारणही सैल टर्मिनल हेच असतं. पूर्ण आत दाब, फट दिसता कामा नये, आणि प्लगाच्या तोंडाशीच वायर मोडू नकोस.

वरच्या खोलीत अर्थिंग नवीन ओढलंय. आधी न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर अकरा व्होल्ट दाखवत होता, आता दीड दाखवतो. आपला जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, त्यावर हे मशीन लावायचं नाही. एक केव्हीएचा, प्युअर साइन वेव्हचा यूपीएस वेगळा घेऊ. वीज गेल्यावर पाच मिनिटं मिळाली तरी गेम सेव्ह करून बंद करता येईल.

माझ्या हिशेबाने मॉनिटर आणि यूपीएस धरून सगळं सव्वादोन लाखांच्या आसपास बसतं. उरलेल्याचं काय करायचं ते तू ठरव. आणि त्या सव्वादोनमध्ये सप्लाय धरलेला नाही. तो मी काल सांगून ठेवला, गुरुवारी येईल. त्याचे पैसे पाठवायचे नाहीत. पाठवलेस तर परत करीन.

तुझे,
बाबा

ता. क. जुनी डिस्क मी टाकलेली नाही. त्यातलं काही निघतं का, ते विनू पुण्यात एकाला विचारणार आहे. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.