जुन्या ट्रॅक्टरची ऑइलगळती : आधी उगम शोधावा, मग इंजिन खोलावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शेतीविषयक पुरवण्यांत नव्या यंत्रांची माहिती आवर्जून दिली जाते, परंतु वीस-पंचवीस वर्षे राबलेल्या डिझेल ट्रॅक्टरच्या दुखण्यांविषयी फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली ऑइल ठिबकू लागले की ‘मागचे क्रँक सील गेले’ (म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या मागच्या टोकाशी ऑइल अडवणारी कडी निकामी झाली) असा निर्वाळा देऊन ट्रॅक्टर मधोमध सोडवून इंजिन व गिअरबॉक्स वेगळे केले जातात, आणि एवढा खर्च व खोळंबा सोसूनही पुष्कळदा त्याच जागी पुन्हा थेंब दिसू लागतात. यातील बरेचसे नुकसान टाळता येण्याजोगे आहे.

ऑइल वरून खाली ओघळते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते, त्यामुळे जिथे थेंब पडतो तिथेच गळती असेल असे नाही. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून पाझरणारे ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून उतरून बेल हाऊसिंगखाली (इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधील, क्लच झाकणाऱ्या कवचाखाली) जमते आणि हुबेहूब सील गेल्यासारखे दिसते. म्हणून इंजिन थंड असताना, हवेची वाट आणि विजेच्या जोडण्या झाकून, ते डिझेल व ब्रशने स्वच्छ धुवावे, पूर्ण कोरडे करावे आणि संशयित सांध्यांवर टाल्कम पावडरचा हलका थर द्यावा. मग इंजिन चांगले गरम होईपर्यंत चालवून, ते बंद केल्यावर विजेरीच्या उजेडात वरून खाली पाहत यावे. पांढऱ्या पावडरीत जिथे सर्वांत वर ओली, काळपट रेघ उमटलेली दिसेल, तिथे गळतीचा उगम असतो. टॅपेट कव्हर, ऑइल फिल्टरची बैठक, प्रेशरच्या नळीचा सांधा, डिझेल पंपाच्या बैठकीचे पॅकिंग, टायमिंग कव्हर (इंजिनाच्या पुढच्या बाजूचे गिअरांवरील झाकण) आणि शेवटी चेंबर, म्हणजे तळाची ऑइलची टाकी, असा हा तपास व्हावा. बेल हाऊसिंगच्या तळाच्या छिद्रातून येणारे ऑइलही बोटावर घेऊन पाहावे, कारण ते दाट, फिकट आणि उग्र वासाचे असेल तर दोष इंजिनाचा नसून गिअरबॉक्सच्या सीलचा असण्याची शक्यता अधिक.

यापेक्षाही दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे ब्रीदर. पिस्टन रिंगांमधून थोडा वायू चेंबरमध्ये उतरतोच, आणि त्याला बाहेर पडण्याची वाट ब्रीदर देतो. ती वाट धूळ आणि ऑइलच्या चिकट्याने बुजली की आतला दाब वाढतो आणि धडधाकट सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलले जाते. ब्रीदर साफ केल्यानंतर, गरम इंजिन मंद गतीवर चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण सावधपणे सैल करावे. किंचित वाफ दिसणे स्वाभाविक आहे. मात्र धुराचे जोरदार झोत येत असतील तर रिंगा व लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) झिजले आहेत असे समजावे, आणि तेव्हा केवळ सील बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजण्याची पट्टीही पाहावी. पातळी आपोआप वाढली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा पडदा किंवा डिझेल पंपाचे सील तपासल्याशिवाय इंजिन चालवू नये, कारण पातळ झालेले ऑइल गळते तर खरेच, शिवाय बेअरिंगांचेही रक्षण करू शकत नाही.

दुरुस्तीत घाई नडते. पत्र्याच्या कव्हरचे बोल्ट ताकद लावून आवळल्याने भोकांभोवतीचा पत्रा दबतो आणि कॉर्कचे पॅकिंग चिरडते. अशा वेळी पत्रा सपाट करून, जुने पॅकिंग खरवडून काढून, बोल्ट थोडे थोडे आलटून पालटून आवळावेत. सिलिकॉनचा जाड थर चोपडण्याची पद्धत तर मला धोकादायक वाटते, कारण आतल्या बाजूला आलेला तुकडा सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो.

मागचे सीलच गेल्याचे नक्की झाले, तरी नवे सील बसवण्यापूर्वी क्रँकवर ते घासते त्या जागेवरून नख फिरवावे. नख अडकण्याइतकी खाच पडली असेल तर नवे सीलही टिकणार नाही. तिथे स्लीव्ह (धातूची पातळ नळी) चढवावी किंवा बैठकीत वाव असल्यास सील किंचित मागेपुढे बसवावे. क्रँक वर-खाली हलत असेल तर मेन बेअरिंगचे काम आधी करणे भाग आहे. गळतीचे काम पुढे ढकलण्याजोगेही नाही, कारण ऑइल क्लच प्लेटवर पोचले की क्लच घसरू लागतो, आणि इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या मॅनिफोल्डवर ठिबकणाऱ्या ऑइलने आग लागण्याचा धोका असतो.

आपल्या कृषिविषयक पानावर जुन्या इंजिनांच्या तपासणीसाठी नियमित जागा द्यावी आणि ट्रॅक्टर खोलण्यापूर्वी कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात, हे अनुभवी मिस्त्रींकडून सचित्र लिहवून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक ट्रॅक्टरधारक शेतकरी