गेलीस तशी परत येऊ नकोस

नेपल्स, रविवार रात्र

तीर्थस्वरूप आत्यास,
कृतानेक साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "तुमच्या त्या ऑपेरात तेच कडवं परत का गं गातात?" तेव्हा मला धड सांगता आलं नाही. आज सांगता येईल असं वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

घराजवळच्या एका लहानशा चर्चमध्ये आज विद्यार्थ्यांचं गाणं होतं. एका मुलीने लेओनार्दो विंचीचं पद म्हटलं. हा चित्रकार दा विंची नव्हे. त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी झालेला, इथे नेपल्समध्येच शिकलेला संगीतकार. ऑपेरा 'अर्तासेर्से', १७३० सालचा. खोटा आळ आलेला तरुण म्हणतो, शिडं नाहीत, दोर नाहीत आणि मी खवळलेल्या समुद्रात निघालोय. अशा पदाला इथे 'आरिया' म्हणतात. पहिला भाग मोठा, दुसरा लहान आणि वेगळ्या वळणाचा. मग पहिला पुन्हा. हा तिसरा भाग कागदावर लिहिलेलाच नसतो. दुसऱ्याच्या शेवटी नुसतं लिहितात 'दा कापो', म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

वाचताना मलाही हे कंटाळवाणं वाटायचं. पण ती मुलगी पहिल्या भागावर परत आली ती निराळीच होऊन आली. आधी जिथे एक सरळ लांब सूर होता तिथे तिने तान घेतली, जिथे तान होती तिथे सूर नुसता थरथरवला. शेवटी वाद्यं थांबली आणि तिने एकटीने, एका दमात, आपल्या मनाचं काही गाऊन पद पुरं केलं. त्या जागेला 'कादेन्त्सा' म्हणतात. आत्या, मला तुझी माडीवरची शिकवणीच दिसायला लागली. अंतरा झाला की तू म्हणायचीस, "आता अस्ताईवर ये, पण गेलीस तशी परत येऊ नकोस." अगदी तेच गं! पहिल्यांदा म्हणतात ते संगीतकाराचं, परत आल्यावरचं गाणाऱ्याचं.

गोष्ट पुढे सरकते ती दोन आरियांच्या मधल्या 'रेचितातीवो'त. ते धड बोलणं नाही, धड गाणं नाही. साथीला बहुतेक वेळा हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखं जुनं वाद्य) आणि चेलो (मोठं, खर्जातलं व्हायोलिनच म्हण) एवढंच, म्हणून त्याला 'सेक्को', म्हणजे कोरडं म्हणतात. मनाची फारच ओढाताण झाली की व्हायोलिनं येतात. संगीत नाटकातल्या साकी-दिंड्यांच्या जागी हे आहे असं समज. आरिया सुरू झाली की मात्र गोष्ट थांबते. ती संपली की गाणारा आत निघून जातो, टाळ्या पडतात. म्हणजे प्रवेशच असा लिहायचा की त्या पात्राला आत जावं लागेल.

कवीची त्यात फार कुचंबणा व्हायची. गोल्दोनी पुढे मोठा नाटककार झाला, पण तरुणपणी त्याने मिलानमध्ये आपला पहिला गंभीर ऑपेरा वाचून दाखवला, तेव्हा त्याला ऐकवलं गेलं की मुख्य गाणाऱ्यांना प्रत्येकी पाच आरिया हव्यात, पहिल्या अंकात दोन, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक. लागोपाठ दोन करुण नकोत. खालच्या दर्जाच्या गाणाऱ्याला जोरकस आरिया द्यायची नाही. त्याने मुक्कामावर जाऊन हस्तलिखित जाळून टाकलं.

आणि एक, तुला आवडेल असं. मेतास्तासिओ नावाच्या कवीने 'भारतातला अलेक्झांडर' असा ऑपेरा लिहिला होता. नायक आपला पोरस! तोही विंचीने १७३० मध्ये रोमला बसवला, आणि पुढच्याच वर्षी हेंडेल या संगीतकाराने लंडनमध्ये 'पोरो' या नावाने. रोममध्ये बायकांना रंगभूमीवर बंदी होती, म्हणून राणी क्लेओफिदे पुरुषाने गायली.

लगेच बालगंधर्व मनात येतात, नाही? माझ्याही आले. पण इथे जे होतं ते फार वेगळं आणि वाचवत नाही असं आहे. हे गायक 'कास्त्राती'. गोड आवाजाच्या मुलांचा आवाज फुटू नये म्हणून आठ-दहाव्या वर्षी शस्त्रक्रिया करून त्यांना खच्ची करायचे. छाती मोठ्या माणसाची, गळा मुलाचा. फारिनेल्लीसारखा एखादा स्पेनच्या राजाजवळ मानाने राहिला. बाकीच्या किती मुलांचं काय झालं असेल? चार्ल्स बर्नी हा संगीताचा इतिहास लिहिणारा इंग्रज १७७० साली इटलीत विचारत फिरला, हे करतात कुठे? मिलानवाले म्हणाले व्हेनिसला, व्हेनिसवाले म्हणाले बोलोन्याला, आणि असं करत बोट नेपल्सपर्यंत आलं. कबूल कुणीच झालं नाही.

इथल्या सांत'ओनोफ्रिओ शाळेत त्याने पाहिलं, एकाच खोलीत सात-आठ हार्प्सिकॉर्ड, त्याहून जास्त व्हायोलिनं, आणि प्रत्येक मुलगा आपलंच निराळं वाजवतोय. सोळा लहान कास्त्राती वरच्या उबदार खोल्यांत वेगळे ठेवलेले, सर्दी होऊ नये म्हणून. त्यांच्या गळ्याची एवढी काळजी! 'कॉन्झर्वेटरी' हा शब्द मुळात अशा अनाथ मुलांना सांभाळण्याच्या जागेचा. इथल्या जुन्या शाळा पुढे एकत्र झाल्या. त्यांचंच आजचं कॉन्झर्वेटरी सान पिएत्रो आ मायेल्लाला आहे, माझ्या रोजच्या वाटेवर. खिडक्यांतून अजून दहा वाद्यं एकदम ऐकू येतात. बर्नी वाचल्यापासून मी तिथे थोडी थांबते.

पुढे १७६२ मध्ये ग्लुक या संगीतकाराने व्हिएन्नात 'ऑर्फेओ' हा ऑपेरा केला आणि हा ताना-पलट्यांचा सोस कमी केला. नाटक नाटकासारखं झालं, हे मला पटतं. पण परत येण्याची ती जागा गेली, याचं वाईट वाटतं.

आजच्या पदाचं ध्वनिमुद्रण त्या मुलीला विचारून केलंय. दादाच्या फोनवर पाठवते. दुसरा भाग संपला की तानपुरा खाली ठेव आणि ऐक. तिसऱ्या भागात एका जागी ती चुकून बेसूर झाली की तिने मुद्दाम तसं घेतलं, हे मला ठरवता येत नाहीये. तू ऐकून कळव.

आबांना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
भाची