आधी बाहेरच्या युनिटची जागा, मग एसी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल लागला की आपल्या अंकात एसीच्या पानभर जाहिराती येतात. टन, स्टार, हप्ते, मोफत फिटिंग, सगळे त्यात असते. बाहेरचे युनिट कुठे बसणार आणि ते बसवणारा माणूस कशावर उभा राहणार, एवढेच नसते. त्यासाठी हे पत्र.

मी मूळचा अकोल्याचा. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षे मेकॅनिक होतो, निवृत्तीनंतर मुलाकडे डोंबिवलीत आलो. अकोल्याचा उन्हाळा ४४-४५ अंशांचा, पण कोरडा. वाळ्याचा कूलर लावला की रात्र निघते. इथे ३५ अंशांतच बनियन अंगाला चिकटते. येताना मी तिकडचा कूलर टेम्पोत घालून आणला होता. पण हवेतच एवढी ओल असल्यावर कूलरचे पाणी उडणार कुठे आणि गारवा येणार कुठून? दोन रात्रींत गाद्या दमट झाल्या. यंदा सुनेचे बाळंतपण ऐन मे महिन्यात होते, म्हणून एसी घ्यायचा ठरला.

दुकानातल्या मुलाने एकच विचारले, “खोली केवढी?” १० बाय १२ म्हटल्यावर त्याने एक टनाचे मशीन दाखवले. आमचा मजला चौथा आणि शेवटचा. वर उघडी गच्ची, बेडरूमची भिंत पश्चिमेला. हे मी सांगितले तेव्हा तो दीड टनावर आला. टन म्हणजे मशीनचे वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी ओढण्याची ती ताकद, म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (हे उष्णता मोजायचे माप). दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली ती पुरत नाही. उलट गरजेपेक्षा फार मोठे मशीन घेतले तर खोली झटकन गार होते, कॉम्प्रेसर थांबतो आणि दमटपणा मात्र तसाच राहतो.

स्टारच्या लेबलवर वर्षाचे विजेचे युनिट छापलेले असतात, ते १६०० तासांच्या वापराचे. आमच्याकडे रात्रीचे आठ तास, एप्रिल ते मध्य जून आणि पुढे ऑक्टोबरचे काही दिवस, असे मिळून ८०० तास होतात. त्या हिशेबाने पाच स्टारचे जास्तीचे पैसे वसूल व्हायला फार वर्षे लागली असती. आम्ही तीन स्टारचा इन्व्हर्टर एसी घेतला. ज्यांच्याकडे दिवसरात्र एसी चालतो त्यांनी पाच स्टारच घ्यावा.

फिटिंगला दोन मुले आली. थोरला असेल बावीस वर्षांचा, परभणीकडचा. त्याने बेडरूमची खिडकी उघडली, चपला काढल्या आणि काही न बोलता पाय बाहेर टाकला. खाली जेमतेम दीड फुटाचा छज्जा, त्यावर पावसाळ्यातले वाळलेले शेवाळ. एका हाताने ग्रिल धरलेले, दुसऱ्या हातात हॅमर ड्रिल. बिट भिंतीत घुसले तसा त्याचा सगळा देह हादरायला लागला. अंगावर सुरक्षा पट्टा नाही, दोर नाही, काही नाही. मी खिडकीतून दोन्ही हातांनी त्याच्या पँटचा पट्टा धरला. तो म्हणाला, “सोडा काका, रोजचंच आहे.” मी सोडला नाही. पहिले भोक पाडून झाल्यावर मी त्याला आत ओढले आणि काम थांबवले. रात्री जेवतानासुद्धा माझा हात थरथरत होता. पुढे दर सर्व्हिसिंगला कोणीतरी याच छज्ज्यावर उतरणार होते, तेही मला दिसत होते.

दुसऱ्या दिवशी जागा बदलली. बाहेरचे युनिट हॉलच्या गॅलरीत, जमिनीवर स्टँड ठेवून, तोंड मोकळ्या आभाळाकडे करून बसवले. मशीनसोबत तीन मीटर तांब्याचा पाइप आला होता, लागला सात मीटर. जादा लागलेला पाइप, त्याचे इन्सुलेशन आणि लांबी वाढली म्हणून कंपनीच्या पत्रकाप्रमाणे भरायचा जास्तीचा गॅस धरून साडेतीन हजार रुपये वाढले. स्टारमध्ये वाचलेले पैसे इथे लागले. पण आता युनिट धुवायचे तर कोणी जीव धोक्यात घालायला नको. ठिबकणारे पाणीही तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या दोरीवर न पडता उतार काढून आमच्याच मोरीत जाते. शिवाय या युनिटने गरम हवा बाहेर टाकायची असते. अनेक इमारतींत ती अरुंद डक्टमध्ये एकावर एक टांगलेली दिसतात. खालच्याची गरम हवा वरचे ओढते, थंडावा घटतो आणि बिल वाढते.

आणखी एक गोष्ट घडली. पाइप जोडल्यावर तो मुलगा व्हॉल्व्ह उघडायला निघाला. व्हॅक्यूम पंप कुठे आहे, असे विचारले तर म्हणाला, “गॅसनेच हवा काढतो.” म्हणजे युनिटमध्ये भरून आलेला गॅस थोडा सोडायचा आणि त्यानेच पाइपातली हवा बाहेर ढकलायची. डिझेल लाइनने हवा धरली की बस कशी जागेवर बसते हे मी आयुष्यभर पाहिले आहे. इथे तर हवेबरोबर ओलही आत राहते आणि ती कॉम्प्रेसरच्या तेलाची नासाडी करते. जो गॅस वाया जातो तो आर-३२ असला तर थोडाफार ज्वलनशील, आणि आर-२९० असला तर तो प्रोपेनच, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. मी पंप येईपर्यंत थांबायला लावले. तो दुपारी तीनला आला, वीस मिनिटे चालला, बंद केल्यावर गेजचा काटा हलला नाही, म्हणजे गळती नव्हती, मगच व्हॉल्व्ह उघडू दिला.

त्या मुलाचा यात दोष नाही. त्याच्याच सांगण्यावरून, सीझनमध्ये दिवसाला पाच-सहा फिटिंग असतात, पैसे नगावर मिळतात आणि तीन जोड्यांत मिळून एक पंप. पट्टा एजन्सीने दिलेलाच नाही. मी त्या एजन्सीला लेखी कळवले आहे, उत्तर आलेले नाही. बिलावर स्टँडचे, कोअर कटिंगचे (भिंतीत पाइपासाठी भोक पाडण्याचे), वायरचे पैसे वेगळे दाखवले आहेत. त्यात सुरक्षा पट्ट्याची ओळ असती तर मी ते पैसे आनंदाने दिले असते.

आपल्या सोसायट्या खिडकीच्या ग्रिलचा रंग ठरवतात, ड्रिलची वेळ ठरवतात. मग पट्टा नसलेल्या कारागिराला खिडकीबाहेर जाऊ द्यायचे नाही, असा ठराव का करू नये? मी आमच्या सभेसाठी सूचना दिली आहे. आयएस ३५२१ (सुरक्षा पट्ट्यांचे भारतीय मानक) मार्क असलेला, पूर्ण अंगाचा एक पट्टा आणि दोर सोसायटीने घेऊन वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवावा. दोर ग्रिलला नव्हे, गच्चीवरच्या टाकीच्या आरसीसी कॉलमला बांधावा. सेक्रेटरी म्हणाले, खर्चाचा विषय आहे, सभेत मांडा. सभा पुढच्या रविवारी आहे. ज्या सोसायट्यांनी अशी सोय आधीच केली असेल, त्यांनी ती कशी केली हे आपल्या सदरातून कळवले तर मला ते पत्र सभेत वाचून दाखवता येईल.

आपला,
एक निवृत्त मेकॅनिक, डोंबिवली (पूर्व)