कापडी डायपर ठेवायचे कसे?

संपादक महोदय,

कापडी डायपरविषयी जे लिहिले-बोलले जाते ते बहुतेक धुण्याबद्दल. वास जात नाही, इलॅस्टिक सैल पडते, बुरशीचे काळे ठिपके येतात, अशी तक्रार आली की साबणाला बोल लावला जातो. दोष पुष्कळदा साठवणीचा असतो. मळके डायपर हवाबंद डब्यात कोंडणे आणि धुतलेले दमट असतानाच कपाटात घालणे, या दोन सवयी मोडल्या की निम्म्या तक्रारी मिटतात. त्यासाठी लागणारे सगळे घरी करता येते.

मळक्या डायपरना झाकणाची २० लिटरची बादली पुरते. ती कोरडीच वापरावी. पाण्यात भिजत ठेवल्याने जलरोधक थर सुटू लागतो, इलॅस्टिक लवकर मरते. शिवाय पाण्याची बादली रांगत्या मुलाच्या जिवाशी खेळ आहे. काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकते. झाकणाला ६ मिलिमीटरची दहा-बारा भोके पाडावीत. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. झाकण घट्ट असेल तर तो आत साठत जातो आणि बादली उघडताना डोळ्यांत चुरचुरतो. हवा खेळती ठेवली की वास कमी येतो, हे अनेकांना पटत नाही, पण करून पाहावे. शी आधी संडासात टाकावी. रात्रीचा डायपर साध्या पाण्यातून काढून, पिळून मगच बादलीत जावा. खाण्याच्या सोड्याची पुरचुंडी ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. अमोनिया मुळात अल्कधर्मी, त्यामुळे सोड्याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. ब्लीच तर बादलीत कधीच ओतू नये, अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. एवढे करूनही दोन, फार तर तीन दिवसांत धुणे काढलेच पाहिजे.

बादलीच्या आत धुता येणारी पिशवी असावी. बादलीच्या तोंडाचा व्यास ३० आणि उंची ३८ सेंटिमीटर असेल, तर पीयूएल कापडाचा (एका बाजूला चकचकीत जलरोधक थर चढवलेले कापड) ११० बाय ७० सेंटिमीटरचा एक तुकडा पुरतो. ७० मध्ये बादलीची उंची, तळाचा निम्मा भाग, काठावरून बाहेर दुमडायला १२ सेंटिमीटर आणि नेफा, सगळे बसते. कापड रुंदीत दुमडून बाजूला व खाली शीव घालावी. चकचकीत बाजू पिशवीच्या आत आली पाहिजे. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा, कारण सुती दोरा ओल शोषून ती शिवणीतून बाहेर आणतो. टीप ३ मिलिमीटरची ठेवावी. बारीक टीप घातली तर भोकांची रांग होऊन कापड तिथेच फाटते. टाचण्या टोचायच्या तर शिवणीच्या मार्जिनमध्येच. कापडाच्या मध्ये पडलेले भोक बुजत नाही. तोंडाच्या नेफ्यात साधारण ८० सेंटिमीटर इलॅस्टिक ओवले की पिशवी बादलीच्या काठाला घट्ट बसते. अशा दोन पिशव्या हव्यात, एक धुण्यात असताना दुसरी बादलीत. रिकामी करताना पिशवी उलटी करून डायपरसोबतच मशीनमध्ये टाकली की हात खराब होत नाहीत.

धुतलेल्यांचे त्यामानाने सोपे आहे. जाड चादरीच्या पट्टीवर १८ सेंटिमीटर रुंद, २० उंच असे खिसे शिवून ती बदलण्याच्या जागेजवळ टांगावी. खिशाच्या दोन्ही कडांना चुण्या ठेवल्या नाहीत तर इन्सर्ट (डायपरमध्ये घालायची शोषक घडी) भरलेला डायपर आत जातच नाही. इन्सर्ट आधीच घालून ठेवावेत; रडत्या बाळाला एका हाताने धरून ते भरता येत नाहीत. खिडकीतले ऊन मात्र तिथे पडू नये, सततच्या उन्हाने इलॅस्टिक आणि जलरोधक थर दोन्ही विरतात.

पुढच्या बाळासाठी ठेवायचे असतील तर शेवटच्या धुण्यात एक पाणी जास्त घ्यावे, म्हणजे साबणाचा अंश उरत नाही. बांबू आणि हेम्पचे इन्सर्ट वरून कोरडे लागले तरी आतल्या थरात ओल धरून असतात, म्हणून ते आणखी एक दिवस वाळवावेत. वेल्क्रो त्याच्या पट्टीवर चिकटवून, इलॅस्टिक न ताणता, सुती उशीच्या अभ्र्यात सैल भरावेत. प्लास्टिकची पिशवी नको, राहिलेली ओल तिच्यात कोंडते. तापणारा माळाही नको.

कळकळीची विनंती शेवटच्या मुद्द्यासाठी. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवण्याचा सल्ला कुणी पाठवला तर कृपया छापू नये. या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनची वाफ कापडात मुरते आणि श्वासातून व त्वचेतून बाळाच्या अंगात जाते. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळात त्यामुळे तांबड्या पेशी फुटून तीव्र रक्तक्षय आणि कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता अनेकदा तोवर कुणाला माहीतही नसते. गोळ्या ठेवून झाल्याच असतील तर वास पूर्ण जाईपर्यंत डायपर मोकळ्या हवेत टांगावेत, धुवावेत, मगच वापरावेत. असे कपडे वापरल्यावर बाळ फिकट किंवा पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि गोळ्यांचा उल्लेख आवर्जून करावा.

– कापडी डायपर शिवणारे आणि वापरणारे काही वाचक