तूट घटली, देणी उरली

महोदय,
करोनानंतर राज्याची तूट आटोक्यात आणताना पहिली कात्री कुठे लागली? ४ मे २०२०च्या शासन निर्णयाने विकासखर्च मूळ तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणला, आरोग्य खाते वगळता नवी भरती थांबवली. पगार, पेन्शन, व्याज टळत नाही. मग रस्ते-पाटबंधारे भरडले जातात. ठेकेदाराचे बिल मार्चऐवजी एप्रिलमध्ये काढले की कागदावर तूट घटते, देणे मात्र तिथेच! केंद्र-राज्यांतला करवाटा सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांची वार्षिक कर्जमर्यादा राज्याच्या सकल उत्पन्नाच्या (एकूण अर्थव्यवस्थेच्या) ४, मग ३.५, मग ३ टक्के अशी पायरीपायरीने उतरवली, हे बरे झाले. एकदम आवळली असती तर कामेच बुडाली असती. आता अर्थसंकल्पासोबत थकीत बिलांचा खातेनिहाय तक्ताही विधिमंडळात मांडावा. किती महिन्यांची थकबाकी, तेही त्यात असावे.

– एक वाचक, पुणे